रफू केलेली कारमेन

(पळस्पे, ता. पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या मालिकेत आपण एखादीच कलाकृती घेऊन बसतो आणि तिला सगळ्या बाजूंनी चाचपून बघतो. आज घेतली आहे ती तासाभरात बघून होते. चार्ली चॅप्लिनचा 'अ बर्लेस्क ऑन कारमेन' हा मूकपट. चॅप्लिनने तो १९१५ साली केला, लोकांनी तो बघितला १९१६ साली, आणि मधल्या काही महिन्यांत त्याचं जे झालं ते मला सांगायचं आहे. कारण या चित्रपटाचं शेवटचं दृश्य मी मूकपटांतल्या सगळ्यात धीट दृश्यांपैकी एक मानतो, आणि बहुतेक लोक त्या दृश्यापर्यंत पोचायच्या आतच कंटाळून उठतात. दोष त्यांचा नाही. कुणाचा ते पुढे येईलच.

आधी 'बर्लेस्क' या शब्दाचं बघू. मराठीत आपण झटकन 'विडंबन' म्हणतो. पण विडंबन म्हटलं की आपल्याला अत्र्यांची 'झेंडूची फुले' आठवतात, म्हणजे छापील कवितेची छापील खोडी. बर्लेस्क हा अंगानं करायचा प्रकार आहे. त्याला आपल्याकडचा जवळचा शब्द 'सोंग'. तमाशात गण झाला की गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, आडवा आलेला कृष्ण, आणि त्यांच्यात ती मावशी. पुरुषानं डोक्यावर पदर घेऊन केलेली. ती मावशी साक्षात कृष्णाला उलटसुलट बोलते, त्याची पार रेवडी उडवते, आणि समोर बसलेल्या एकाही वारकऱ्याची श्रद्धा त्यानं ढळत नाही. इथून गोव्याच्या रस्त्यानं खाली उतरत गेलात तर शिमग्यात संकासुर भेटेल, काळा झगा, उंच टोपी, कमरेला घुंगरू. पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. तेव्हा देवाधर्माचं आणि मोठ्यांचं सोंग आणणं हे आपल्याला काही नवं नाही. सोंगात मूळ गोष्ट सगळ्यांना पाठ असावी लागते, एवढीच अट.

इथं मूळ गोष्ट म्हणजे 'कारमेन' हा ऑपेरा. जॉर्ज बिझे या फ्रेंच संगीतकाराचा. पहिला प्रयोग पॅरिसला, ३ मार्च १८७५. म्हणजे आपल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'च्या आधी साडेपाच वर्षं. ऑपेरा म्हणजे संगीत नाटक का, असं कुणी विचारलं तर ढोबळमानानं हो म्हणायचं, पण बऱ्याच ऑपेरांत 'पाणी दे गं' हेही गाऊनच म्हणतात. 'कारमेन'चं तसं नव्हतं. तो ज्या नाट्यगृहासाठी लिहिला तिथली रीत आपल्यासारखीच होती. गद्य संवाद, मग पद, पुन्हा गद्य.

गोष्ट साधी. सेव्हिल शहरातला तंबाखूचा कारखाना, तिथं कामाला असणाऱ्या बायका. सोलापूरच्या विडी कारखान्याची सुट्टी झाल्यावर जे दृश्य दिसतं तसं डोळ्यांसमोर आणा. त्यांतली एक कारमेन, जिप्सी, कुणाच्या बापाला न जुमानणारी. डॉन होझे नावाचा शिपाई तिच्या पायी नोकरी घालवतो, स्मगलरांच्या टोळीत जातो. तिचं मन मग एस्कामिय्यो या बैलांशी झुंजणाऱ्या नामांकित खेळाडूवर बसतं. शेवटी झुंजीच्या मैदानाबाहेर डॉन होझे तिला सुऱ्यानं भोसकतो. आत लोक टाळ्या वाजवतायत, बाहेर बाई मरते. पडदा.

पहिल्या प्रयोगाला लोक गार बसले. नायिका अशी? आणि रंगमंचावर खून? बरोबर तीन महिन्यांनी, ३ जूनला, बिझे वारला. वय छत्तीस. आपला ऑपेरा जगभर गाजलेला त्याला बघायला मिळाला नाही. तो गेल्यावर त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रयोगासाठी त्याचा मित्र अर्नेस्ट गिरो यानं सगळे गद्य संवाद काढून तिथं गाऊन म्हणायचे संवाद घातले. पुढं कितीतरी दशकं जगानं जो 'कारमेन' ऐकला तो हा, दुसऱ्याच्या हातचे टाके घातलेला. गिरोनं हे वाईट हेतूनं केलं असं मला वाटत नाही, आणि काम हुशारीचं होतं. पण एवढं लक्षात ठेवा. कर्ता गेला, माल पुढं गेला, आणि मधे कुणीतरी सुई-दोरा घेऊन बसला. हेच पुन्हा होणार आहे, फक्त यावेळी कर्ता जिवंत असेल आणि कोर्टात उभा असेल.

आता १९१५. अमेरिकेत त्या वर्षी एकाच वेळी दोन 'कारमेन' चित्रपट आले. एक सेसिल बी. डमिलचा, एक राउल वॉल्शचा. वॉल्शच्या चित्रपटात थीडा बारा, त्या काळची 'घातकी सुंदरी'. तो चित्रपट आज उपलब्ध नाही, हरवला. डमिलचा आहे. आणि डमिलच्या चित्रपटात कारमेन कोण? जेराल्डिन फरार. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची आघाडीची गायिका. १९१४ च्या हिवाळ्यात तिनं तिथं कारुझोबरोबर 'कारमेन' गाजवला होता, टोस्कानिनी वाद्यवृंद चालवत होता.

आता गंमत बघा. ही बाई जिच्यासाठी प्रसिद्ध तो तिचा गळा, आणि चित्रपट मुका! बालगंधर्वांना मूकपटात घेतलंय अशी कल्पना करा. पडद्यावर भामिनी येते, तोंड उघडते, ओठ हलतात, आणि खालून पेटीवाला काहीतरी वाजवतोय. आपण हसू. अमेरिकेत लोक हसले नाहीत, भारावले. चित्रपटाचा पहिला खेळ बॉस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये, संगीताच्या देवळात झाला. वाद्यवृंद बिझेचं संगीत वाजवत होता. आणि खरं सांगायचं तर फरार चांगली आहे. तिनं ओळखलं होतं की गळा नाही तर अंग वापरायला हवं. कारखान्यातल्या मारामारीत ती समोरच्या बाईला जी भिडते ते आजही बघवत नाही. पुढं १९१६ मध्ये ती ऑपेरात परतली तेव्हा हा आडदांडपणा तिनं रंगमंचावर आणला, आणि तिचं नि कारुझोचं वाजल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या.

आणखी एक गोष्ट. डमिलकडे ऑपेराच्या संहितेचे हक्क नव्हते. म्हणून पटकथा ज्या कादंबरिकेवरून ऑपेरा निघाला तिच्यावरून, म्हणजे प्रॉस्पेर मेरिमेच्या १८४५ च्या 'कारमेन'वरून लिहिली. त्यात ऑपेरातली मिकाएला ही सालस, गावाकडची मुलगी नाही. आणि स्मगलरांचं कारस्थान सुरुवातीलाच आहे. शहराच्या तटावर डॉन होझे पहारा देतोय, लाच घेत नाही, म्हणून टोळी कारमेनला त्याच्यावर सोडते. प्रेम हे इथं आधी धंद्याचं काम आहे.

म्हणून जाणकारही जेव्हा 'चॅप्लिननं ऑपेराची टर उडवली' असं लिहितात तेव्हा मला थोडं थांबावंसं वाटतं. चॅप्लिननं डमिलची टर उडवली आहे. प्रसंगांचा क्रम डमिलचा, मांडणी डमिलची. कादंबरिका, तिच्यावरून ऑपेरा, ऑपेरा गाजला म्हणून गायिका, गायिका मिळाली म्हणून मूकपट, आणि त्या मूकपटाचं हे सोंग. पाचवी पिढी. ऑपेरा त्यात कुठं आहे म्हणाल तर प्रेक्षकाच्या कानात. खाली बसलेला वादक ती सुप्रसिद्ध धून वाजवतो, आणि वर पडद्यावर भलतंच चाललेलं असतं. मूकपटाला अशी टर उडवणं फार सोपं पडतं, कारण आवाज दुसऱ्याचा आणि चेहरा आपला.

चॅप्लिन तेव्हा एसने कंपनीत होता. 'एस' म्हणजे स्पूर, 'ए' म्हणजे अँडरसन, दोन मालकांची आद्याक्षरं. आठवड्याला साडेबाराशे डॉलर पगार. त्या एका वर्षात त्यानं 'द ट्रॅम्प'सारखे चित्रपट केले आणि जगातला सगळ्यात ओळखीचा माणूस होऊन बसला. 'कारमेन'च्या सोंगात त्याचा तो ढगळ विजारीचा वेश नाही. लष्करी गणवेश आहे, डोक्यावर शिरस्त्राण. मिशी मात्र तीच, आणि चालही तीच. नावाची गंमत सांगतो. डॉन होझेचं त्यानं केलं 'डार्न होझिअरी'. होझिअरी म्हणजे आपण दुकानाच्या पाटीवर 'होजरी' वाचतो ती, मोजे-बनियन. डार्न म्हणजे रफू करणं. रफू केलेले मोजे! डॉन होझेचा झाला डॉन होजरीवाला. (हशा) फालतू कोटी आहे, मान्य. पण कोटीनं एक काम केलं. इभ्रतीसाठी जीव देणारा-घेणारा तो वीर पहिल्याच पाटीवर भोकं पडलेल्या मोज्यापाशी आणून बसवला.

डमिलचा डॉन होझे लाच नाकारतो. बाणेदारपणे. डार्न होझिअरी काय करतो? पैसे घेतो, खिशात टाकतो, आणि तरी जाऊ देत नाही. हा प्रसंग काही सेकंदांचा आहे. पण विडंबनाची ताकद बघायची तर इथं बघा. चॅप्लिन काही वेगळं घडवत नाही. मूळ प्रसंगात एक लहानसा बदल करतो आणि आपल्याला कळतं की त्या बाणेदारपणाच्या खाली एक अगदी ओळखीचा माणूस बसलेला आहे. इथल्या नाक्यावर उभं राहिलात तर पाच मिनिटांत भेटेल तो. (हशा) तसंच द्वंद्वाचं. तलवारी उपसतात, रुबाबात पवित्रे घेतात, आणि बघता बघता त्याची कुस्ती होते. कारखान्यातली बायकांची मारामारी चॅप्लिननं फारशी बदललेलीच नाही. फरारनं मुळातच ती इतकी जोरात केली होती की तिचं सोंग करायला जागा राहिली नसावी.

कारमेनच्या भूमिकेत एडना पर्व्हियन्स आहे. तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो. ती विनोद करत नाही. ती कारमेनच करते, सरळ. तिला चॅप्लिननं विदूषक केलं असतं तर शेवट उभाच राहिला नसता.

तर आता शेवट. मैदानाबाहेर डार्न होझिअरी तिला गाठतो. आणि इथं, मंडळी, चॅप्लिन थट्टा थांबवतो. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं जातं. तो विनवतो. ती नाही म्हणते. तो तिला सुरा मारतो, ती त्याच्या हातात कोसळते, तो तिला जवळ घेतो आणि मग तोच सुरा स्वतःवर. हे दृश्य तुम्ही एकटं काढून कुणाला दाखवलंत तर तो म्हणेल, बरा शोकान्त चित्रपट आहे. फरारच्या चित्रपटातल्या मरणापेक्षा हे मरण मला जास्त खरं वाटतं, कारण इथं कुणी मरणाची तयारी करत नाही. आपण हसत आलेलो असतो, हसणं तोंडावर तसंच राहतं आणि घशात काहीतरी अडकतं.

मग एस्कामिय्यो येतो. आणि मेलेला माणूस उठतो. बाईही उठते. चॅप्लिन सुरा आपल्याला दाखवतो. पातं मुठीत सरकणारं, नाटकातलं. दोघं आपल्याकडे बघून हसतात. संपलं.

हे काय आहे? पहिलं उत्तर, हा शेवटचा विनोद आहे. बरोबर. पण मला त्यात आणखी दिसतं. १८७५ पासून ती बाई रोज रात्री कुठल्या ना कुठल्या शहरात मरते आहे. मरण्याआधी सुंदर गाते, आणि आपण टाळ्या वाजवतो. 'नाही' म्हणाली म्हणून मारलेली बाई. आपल्या वर्तमानपत्रांत त्याला 'एकतर्फी प्रेमातून' म्हणायची पद्धत आहे, आणि त्या बातमीखाली काही टाळ्या नसतात. संगीतानं आपल्याला त्या खुनाची सवय करून दिली. चॅप्लिननं आधी तो खून इतका खरा केला की सवय मोडली, आणि मग तिला उठवलं. त्याच्या मनात हा विचार होता असा दावा मी करणार नाही. एका हसवणाऱ्या माणसाला हसवून शेवट करायचा होता, एवढंच असेल. पण मला ठाऊक असलेल्या 'कारमेनां'मध्ये जी शेवटी उठून उभी राहते आणि त्याच्या शेजारी हसते, ती हीच.

याउलट एक हकिकत सांगतो. २०१८ च्या जानेवारीत इटलीत फ्लॉरेन्सच्या ऑपेरानं शेवट बदलला. बायकांवरच्या हिंसेचा निषेध म्हणून त्यांच्या प्रयोगात कारमेनच डॉन होझेचं पिस्तूल घेऊन त्याला गोळी घालते. हेतू चांगला. पहिल्या रात्री पिस्तूल उडालंच नाही. चाप ओढला, आवाज नाही, आणि डॉन होझेला गोळीशिवायच मरावं लागलं. (हशा) खोटं शस्त्र दोन्हीकडे आहे. एकीकडे ते लपवायला गेले आणि फजिती झाली. चॅप्लिननं स्वतःच हातात धरून दाखवलं.

मग इतक्या चांगल्या चित्रपटाला लोक कंटाळतात का? आता त्या कात्रीकडे येतो.

चॅप्लिननं हा चित्रपट दोन रिळांचा केला. मूकपटाचं एक रीळ साधारण हजार फुटांचं, दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे अर्धा तास. १९१५ संपता संपता त्याचा एसनेशी करार संपला आणि १९१६ च्या फेब्रुवारीत तो म्युच्युअल कंपनीत गेला. आठवड्याला दहा हजार डॉलर आणि वर दीड लाख बोनस. जगभर बातमी झाली. इकडे एसनेच्या हातात त्याचा न दाखवलेला चित्रपट. सोन्याची कोंबडी उडून गेली, मागं एकच अंडं राहिलं, मग त्याचं दोघांपुरतं ऑम्लेट कसं करायचं?

त्यांनी असं केलं. चॅप्लिननं कापून टाकलेले तुकडे कचऱ्यातून काढले आणि परत जोडले. तेवढ्यानं भागेना म्हणून बेन टर्पिन या नटाला घेऊन, तो तिरळ्या डोळ्यांचा, नवे प्रसंग चित्रित केले. हे काम चॅप्लिनच्याच चित्रपटात अधिकाऱ्याची भूमिका केलेल्या लिओ व्हाइटनं केलं. टर्पिनच्या प्रसंगांचा चॅप्लिनशी संबंध नाही, ते एकमेकांसमोर येतही नाहीत. दोन रिळांची चार रिळं झाली. आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये तो 'चॅप्लिनचा मोठा चित्रपट' म्हणून बाजारात आला.

चॅप्लिन कोर्टात गेला. हरला. कोर्टाच्या दृष्टीनं तो पगारी माणूस होता, चित्रपट कंपनीचा, आणि कंपनीनं आपल्या मालाचं काय करावं हा कंपनीचा प्रश्न. चॅप्लिननं १९६४ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की तो चित्रपट बघून तो दोन दिवस अंथरुणाला खिळला. आणि त्यातून शिकला ते हे, की पुढच्या प्रत्येक करारात त्यानं कलम घातलं, पूर्ण केलेल्या कामात कुणी फेरफार करायचा नाही. थोड्या वर्षांत त्यानं स्वतःचा स्टुडिओच उभारला. कायद्यानं एसने बरोबर असेल. पण त्यांनी चित्रपटाचं काय केलं ते बघायला कायद्याचं पुस्तक नको, घड्याळ पुरे.

म्हणजे कसं ते सांगतो, कारण समीक्षेचा खरा मुद्दा इथं आहे. लांब आवृत्तीत तटाच्या दाराशी दोन्ही बाजूंनी चाललेली ढकलाढकली संपता संपत नाही. पहिल्यांदा हसू येतं. तिसऱ्यांदा आपण मोबाइल बघतो. चॅप्लिननं ते तुकडे का कापले होते हे बघितल्यावर कळतं. नटाची टाकलेली रिळं म्हणजे गवयाचा रियाज. मैफलीत तो ऐकवायचा नसतो. मग मधेच टर्पिन येतो. तो स्वतःच्या जागी उत्तम विनोदी नट, पण इथं त्याचा विनोद कुणाचंही सोंग नाही. बिझेचं नाही, डमिलचं नाही. नुसत्या कोलांट्या. सोंगाच्या मधे कोलांट्या आल्या की सोंगाचा धागा सुटतो, आपण विसरतो की कुणाची टर चालली आहे. आणि टर विसरलो की शेवटच्या दृश्यात जो धक्का बसायला हवा तो बसत नाही. गांभीर्य चोरायला आधी ते कुठं ठेवलंय हे माहीत असावं लागतं.

तुम्ही म्हणाल, आपल्या संगीत नाटकांतही लांबण होतीच की. वन्स मोअर, वन्स मोअर करत पहाट व्हायची. खरं आहे. पण वन्स मोअर देणारा प्रेक्षक समोर असतो आणि घेणारा गायक हजर असतो. तो दमला तर थांबतो. १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'त बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे होते. लोकांनी ते वाढवायला लावलं तरी वाढलेलं त्यांचंच होतं. एसनेनं वाढवलं तेव्हा कर्ता दारात उभा राहून नको म्हणत होता.

हे अमेरिकेतच होतं असं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१८ साली भांडवलदार भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली आणि थोड्याच काळात भागीदारांशी पटेना म्हणून सगळं सोडून काशीला जाऊन बसले. तिथं त्यांनी काय लिहावं? 'रंगभूमी' नावाचं नाटक, तेव्हाच्या नाट्यव्यवसायाची टर उडवणारं! पडद्याचा माणूस पैशावरून पोळला आणि रंगमंचाचं सोंग घेऊन उभा राहिला. तेही लांबलं, पण स्वतःच्या हातानं. (हशा) आणि त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चंही असंच काहीसं. आज जी दोन रिळं उरली आहेत ती १९१३ ची, की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. आपण 'भारताचा पहिला चित्रपट' म्हणून मोठ्या भक्तीनं जे बघतो ते नक्की काय बघतो, हे विचारायला हरकत नसावी.

'बर्लेस्क'च्या बाबतीत त्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते त्या हरलेल्या खटल्यातूनच निघालं. कोर्टात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात चॅप्लिननं आपला चित्रपट कसा होता हे सांगितलं होतं. १९९९ मध्ये डेव्हिड शेपर्ड या जुन्या चित्रपटांच्या जाणकारानं ते प्रतिज्ञापत्र पुढं ठेवून चित्रपट पुन्हा दोन रिळांचा केला. टर्पिन काढला, रियाज काढला. अर्थात हीही रफूच. चॅप्लिनच्या हातची मूळ प्रत ती नव्हे, शेपर्डनं लावलेला अंदाज आहे, आणि काही ठिकाणी जोड मला जरा घाईचा वाटतो. पण शेवटचं दृश्य तिच्यात जिथं लागायला हवं तिथं लागतं.

शेवटी प्रश्न आला तो घेतो. एका ताईंनी विचारलं की ऑपेरा माहीत नसेल, डमिलचा चित्रपट बघितला नसेल, तर आजच्या माणसाला यात काय? चांगला प्रश्न आहे. निम्मे विनोद जातील, खोटं कशाला सांगू. मावशीचं बोलणं कृष्ण माहीत नसलेल्या परदेशी माणसाला जेवढं कळेल तेवढंच. म्हणून माझं म्हणणं, आधी डमिलचा 'कारमेन' बघा, तासाभराचा आहे, फरारसाठी तरी बघाच. त्याच आठवड्यात चॅप्लिनचा बघा. मधे जास्त दिवस घालवू नका.

आणि दुसरा प्रश्न, कुठली प्रत हे ओळखायचं कसं? इंटरनेटवर फुकट सापडते ती बहुधा लांब आवृत्ती असते, नावात काही फरक नसतो. लांबी बघा. अर्ध्या तासाच्या आसपास असेल तर ठीक. आणि तिरळ्या डोळ्यांचा माणूस दिसला की बंद करा, दुसरी शोधा.